मुलीचा वाटा : १,४२,८५७

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात धर्मापुरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणितावर काहीतरी बोला, असा निरोप चिटणीस साहेबांकडून आला, तेव्हा मी थोडा बिचकलो. मेळाव्यात गणिताचे नाव काढले की मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय मी बी.ए., बी.एड. झालेला साधा मास्तर. गणिताचा पंडित नव्हे. गणिताचे तास माझ्याकडे आले आणि मुलांबरोबर मीही शिकत गेलो, एवढाच माझा अधिकार. म्हणून आज संपूर्ण गणितावर न बोलता एकाच संख्येवर बोलणार आहे. ही संख्या फळ्यावर लिहितो : १,४२,८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

ही संख्या मला पुस्तकात भेटली नाही, वर्गात भेटली. गेल्या वर्षी नववीला मी एक उदाहरण घातले. एका गृहस्थाच्या पश्चात तीन मुलगे व एक मुलगी एवढेच वारस आहेत. दफनाचा खर्च, कर्ज, वसीयत सर्व भागवून दहा लाख रुपये शिल्लक राहिले. तर प्रत्येकाचा वाटा किती? सूरह निसाच्या अकराव्या आयतीतील नियम आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे दोन, दोन, दोन आणि एक, असे एकूण सात हिस्से झाले. दहा लाखाला सातने भागायचे. मुलीच्या वाट्याला येतात १,४२,८५७ रुपये आणि १४ पैसे.

उत्तर एका मुलीने सर्वांत आधी काढले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, बहीण घेतच नाही. हक्कसोडपत्रावर सही करते." वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसलो आणि "चला, पुढचे गणित घ्या" असे म्हणालो. ती मुलगी मात्र उभीच राहिली. म्हणाली, "सर, हिशेब तरी पुरा करू द्या. हे अंक संपत नाहीत, तेच तेच परत येतात. असे का?"

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझी घाई चुकीची होती. त्या दिवशी "परीक्षेला येणार नाही" असे सांगून मी तिला खाली बसवले. रात्री घरी कागद घेऊन बसलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

आता मुलांनो, तुम्हीही माझ्याबरोबर भागाकार करा. एकाला सातने भागू. दहात सात एकदा, बाकी ३. तीसमध्ये चार वेळा, बाकी २. वीसमध्ये दोन वेळा, बाकी ६. साठमध्ये आठ वेळा, बाकी ४. चाळीसमध्ये पाच वेळा, बाकी ५. पन्नासमध्ये सात वेळा, बाकी १. आणि बाकी एक आली म्हणजे आपण सुरुवात केली तिथेच येऊन पोचलो! आता पुन्हा तोच फेरा. सातने भागताना शून्याखेरीज बाकी फक्त सहा प्रकारची उरू शकते : १, २, ३, ४, ५, ६. त्या सहाही बाक्या येऊन गेल्या की सातव्या खेपेला जुनी बाकी येणारच. म्हणून अंक परत येतात : १४२८५७, १४२८५७, १४२८५७. तिच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. दोन मिनिटांचे काम, आणि तेही मी टाळले होते.

आता या संख्येला दोन, तीन, चार असे गुणत जाऊ.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

नीट पाहा. प्रत्येक ओळीत तेच सहा अंक आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. मोटेच्या बैलाऐवजी रहाटाची माळ डोळ्यांसमोर आणा. कोणतीही घागर आधी वर आली तरी माळ तीच असते. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात. कारण आपण मघाशीच पाहिले. तीन सप्तमांश काढायचे म्हणजे बाकी ३ पासून निघायचे, आणि बाकी ३ नंतरचा अंक ४ होता. म्हणून तिपटीची सुरुवात ४ पासून होते. आणि सातपट केली तर? ९९९९९९. सहा नव्वे एका रांगेत.

ही संख्या मधोमध तोडली तर १४२ आणि ८५७ मिळतात, त्यांची बेरीज ९९९. दोन-दोन अंकांचे तीन तुकडे केले तर १४, २८ आणि ५७, त्यांची बेरीज ९९. यात जादूटोणा काही नाही, तावीज-गंड्याचा संबंध नाही. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते कारण नववीच्या मुलाला समजेल असे आहे.

बंधू-भगिनींनो, संख्येची ओळख करून घेण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. पहिली, तिला कोणत्या संख्यांनी पूर्ण भाग जातो ते पाहण्याची. आपली संख्या विषम आहे. तिचे मूळ अवयव ३, ३, ३, ११, १३ आणि ३७ आहेत. या सहांचा गुणाकार करून पाहा, बरोबर १४२८५७ येतो. एक आणि ती स्वतः धरून तिला एकंदर ३२ भाजक आहेत. प्राचीन ग्रीकांनी भाजकांवरून संख्यांचे तीन वर्ग पाडले. स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण. ६ चे भाजक १, २, ३ आणि बेरीज ६, म्हणून ६ परिपूर्ण. २८ ही तशीच. बेरीज जास्त आली तर विपुल, जसे १२. कमी पडली तर न्यून. हे ज्ञान ग्रीकांकडून पुढे बगदादला आले. नवव्या शतकात तेथे साबित इब्न कुर्रा या विद्वानाने निकोमॅकस या ग्रीक पंडिताच्या अंकगणिताचे अरबी भाषांतर केले आणि परस्परमित्र संख्या शोधण्याचा नियमही दिला. २२० च्या भाजकांची बेरीज २८४ येते, आणि २८४ च्या भाजकांची २२०. म्हणून या दोघी मित्र.

आपली १४२८५७ कोणत्या वर्गात बसते? तिच्या बाकीच्या ३१ भाजकांची बेरीज १,१२,५०३ होते. म्हणजे ३०,३५४ कमी पडतात. या रीतीने ती न्यून ठरते, तुटीची. मुलीचा वाटा हिशेबातसुद्धा तुटीचाच निघाला, असे कोणी म्हणेल. पण थांबा. एकाच रीतीने मोजून माणसाची किंवा संख्येची किंमत ठरवू नये.

दुसरी रीत आहे संख्येचे अंक पाहण्याची. या रीतीचा मोठा उस्ताद बगदादचा नव्हता की लंडनचा नव्हता. तो आपल्या महाराष्ट्रातला, नाशिकजवळच्या देवळालीतला एक शाळामास्तर होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून. शिक्षण ठाण्यात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्याही घेतल्या. १९८६ मध्ये ते वारले.

या माणसाजवळ प्रयोगशाळा नव्हती. कागद, पेन्सिल आणि शाळेनंतरचा वेळ, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ चा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणखी पुढे गेलात तर ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ ला येऊन थांबते. जगात या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. घरी जाऊन भावंडांना करून दाखवा, अम्मी-अब्बांनाही दाखवा.

कापरेकरांनी संख्यांचे आणखी काही वर्ग पाडले. त्यांतले तीन आज आपल्या कामाचे आहेत, कारण वाटणीच्या हिशेबातून निघालेल्या या संख्येची परीक्षा आपल्याला त्या तिन्ही कसोट्यांवर घ्यायची आहे.

पहिला वर्ग हर्षद संख्यांचा. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद. १८ घ्या. एक अधिक आठ नऊ, नऊ दुणे अठरा. रामानुजनांच्या गोष्टीतली १७२९ सुद्धा हर्षद आहे, कारण बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आपल्या संख्येचे काय? १, ४, २, ८, ५, ७ यांची बेरीज २७. आणि २७ गुणिले ५२९१ बरोबर १४२८५७. भाग पूर्ण गेला. आपली संख्या हर्षद आहे.

दुसरा वर्ग कापरेकरांच्याच नावाने ओळखला जातो. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, आणि तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. ५५ चा वर्ग ३०२५. तीस अधिक पंचवीस पंचावन्न. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. आता आपली संख्या. १४२८५७ चा वर्ग होतो २०,४०,८१,२२,४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा. डावीकडे राहिले २०४०८, उजवीकडे १२२४४९. बेरीज करा : १४२८५७!

हे का घडते ते मोठ्या मुलांसाठी सांगतो, बाकीच्यांनी क्षणभर विसावा घ्यावा. १४२८५७ मधून एक वजा केला तर १४२८५६ उरतात, आणि त्यांना सातने पूर्ण भाग जातो. भागाकार येतो २०४०८. कोणत्याही संख्येचा वर्ग म्हणजे ती संख्या, अधिक ती संख्या गुणिले तिच्यापेक्षा एकाने कमी असलेली संख्या. म्हणून आपल्या संख्येचा वर्ग म्हणजे १४२८५७, अधिक १४२८५७ गुणिले ७ गुणिले २०४०८. पण १४२८५७ ची सातपट म्हणजे सहा नव्वे, म्हणजे दहा लाखाला एक कमी. तेव्हा वर्गात २०४०८ वेळा दहा लाख येतात, आणि तेवढेच २०४०८ मूळ संख्येतून वजा होतात. दहा लाखांच्या घरात जे जमा झाले तेच इकडे खर्ची पडले. दोन्ही तुकडे एकत्र केले की मूळ रक्कम परत मिळणारच. जमाखर्चाच्या वहीत यापेक्षा वेगळे काय असते?

तिसरा वर्ग मला सर्वांत आवडतो. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ अधिक ६ बरोबर २१. म्हणून १५ ही २१ ची जननी. १०१ ला दोन जननी आहेत, ९१ आणि १००. पण २० ला कोणीच नाही. हवे ते करून पाहा, कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० मिळत नाहीत. अशा संख्येला मराठीत स्वयंभू म्हणता येईल. १९६३ मध्ये कापरेकरांनी या संख्यांवर पुस्तिका काढली. देवळालीच्या नावावरून या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात.

वर्गात मी येथवर आलो आणि मुलांनी विचारले, "सर, १४२८५७ स्वयंभू आहे का?" मी म्हणालो, "मला माहीत नाही." मास्तरने वर्गात असे म्हणणे आपल्याकडे कमीपणाचे समजतात. पण त्या दिवशी ते म्हणालो याचा मला आनंद आहे. कारण दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वहीची चार पाने भरून घेऊन आली. तिने विचार केला होता तो असा. जननी संख्या १४२८५७ पेक्षा लहान असणार, म्हणजे फार तर सहा अंकी. सहा अंकांची बेरीज फार तर चोपन्न, सहाही नऊ धरले तरी. म्हणून जननी जर असेल, तर ती १४२८५७ मधून १ ते ५४ यांपैकी काहीतरी वजा केल्यावरच मिळेल. तिने चोपन्न वजाबाक्या केल्या आणि प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ताडून पाहिली. एकही जुळली नाही. पानाच्या तळाशी तिने लिहिले होते : "स्वयंभू आहे."

पुढे आम्ही मिळून तिची वाट जवळची केली. आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला नवाचा ताळा येथे कामाला येतो. कोणत्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागूनही उरते. १४२८५७ ला ९ ने पूर्ण भाग जातो. जननी आणि तिच्या अंकांची बेरीज यांची बाकी सारखीच, आणि दोघींची मिळून बाकी शून्य व्हायला हवी. हे तेव्हाच जमते जेव्हा ती बाकीच शून्य असते. म्हणजे अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६, ४५ किंवा ५४ यांपैकीच एक हवी. चोपन्नऐवजी फक्त सहा वजाबाक्या उरल्या. आपणही पाहा :

१४२८४८ : बेरीज हवी ९, आहे २७
१४२८३९ : हवी १८, आहे २७
१४२८३० : हवी २७, आहे १८
१४२८२१ : हवी ३६, आहे १८
१४२८१२ : हवी ४५, आहे १८
१४२८०३ : हवी ५४, आहे १८

एकही जुळत नाही. तेव्हा आमची १४२८५७ हर्षद आहे, कापरेकर आहे आणि स्वयंभूही आहे. भाजकांच्या रीतीने जी न्यून ठरली होती, तिच्यात देवळालीच्या मास्तरांचे तिन्ही गुण एकत्र निघाले. तिची ही तिसरी ओळख आमच्या वर्गाला कोणी बाहेरच्याने सांगितली नाही. आमच्याच एका मुलीने ती वहीवर काढून दाखवली.

आता बुजुर्ग मंडळी विचारतील, "मास्तर, हे सर्व ठीक आहे, पण याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. कापरेकरांनाही तो विचारला गेला. पुष्कळ पंडितांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून हसून सोडून दिले. अंकांचे हे खेळ दहाच्या मोजणीवर अवलंबून आहेत, त्यात खोल गणित नाही, असा आक्षेप होता. त्यात तथ्यही आहे. त्यांचे बरेचसे काम लहानसहान नियतकालिकांत किंवा स्वखर्चाच्या पुस्तिकांत छापले गेले. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे नाव जगात पोचले. तोवर कापरेकर थांबले नव्हते. कोणी शाबासकी देईल म्हणून ते मोजत नव्हते.

उपयोगाचे म्हणाल तर माझे उत्तर सरळ आहे. ज्या मुलीने चोपन्न वजाबाक्या स्वतः करून "आहे" किंवा "नाही" असे ठरवले, तिला पुढे आयुष्यात कोणी खोटा हिशेब दाखवू शकणार नाही. आडतीवर कापूस नेला तर हमाली, तोलाई कापून हातात आलेली पट्टी ती वाचील. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली आणि किती राहिली, हे ज्याला स्वतः मांडता येत नाही, त्याची उचल कधी फिटते काय? मोबाइलवर गुणाकार होतो, कबूल. पण काय गुणायचे आणि आलेले उत्तर पटण्यासारखे आहे की नाही, हे मोबाइल सांगत नाही.

आणि ही गोष्ट आपल्या परंपरेत नवी नाही. नवव्या शतकात बगदादला मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातल्या अल-जब्र या शब्दावरून जगाने अल्जिब्रा हा शब्द घेतला. तो ग्रंथ कशासाठी, हे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. वारसा, वसीयत, वाटणी, दावे आणि व्यापार यांत लोकांना उपयोग व्हावा म्हणून. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. म्हणजे मी नववीला घातलेले गणित त्यांच्याच घराण्यातले! त्यांनी हिंदुस्थानी अंकांवरही पुस्तक लिहिले, आणि आपल्या देशातले हे दहा अंक त्या वाटेने पुढे युरोपात गेले. इब्न सीना यांच्या आत्मचरित्रात आहे की लहानपणी वडिलांनी त्यांना हिंदुस्थानी हिशेब शिकायला एका भाजीविक्याकडे पाठवले होते. एवढा मोठा हकीम आणि फिलसूफ, पण भाजीविक्याजवळ बसून अंक शिकण्यात त्याच्या वडिलांना कमीपणा वाटला नाही.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीचे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केले. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचे लग्न होऊ शकले नाही आणि तिचे नाव अमर व्हावे म्हणून वडिलांनी गणिताच्या ग्रंथाला ते दिले, ही कथा फैजीच्या प्रस्तावनेत येते. कथा खरी की खोटी, हा वाद विद्वानांनी करावा. पण एका पित्याने मुलीच्या नावाने गणिताचे पुस्तक लिहिले, ही गोष्ट एका मुसलमान शायराला सांगण्यासारखी वाटली. ती आज या सभेत आठवण्यासारखी आहे, असे मला वाटते.

आता पुन्हा माझ्या वर्गाकडे येतो. "बहीण घेतच नाही" असे जो मुलगा म्हणाला, त्याला मी दोष देत नाही. त्याने घरात जे पाहिले तेच सांगितले. बहिणीने आपल्या खुशीने वाटा सोडला तर तो तिचा प्रश्न. पण काय सोडते आहे, ते तिला आधी ठाऊक नको काय? ज्याचा आकडाच माहीत नाही, ते खुशीने सोडले असे म्हणता येत नाही. १,४२,८५७ रुपये १४ पैसे. वरचे चौदा पैसेसुद्धा तिने मोजावेत, मग द्यायचे त्याला द्यावेत. आपल्या दीनने हिस्सा ठरवून दिला आहे, तो मोजायची विद्या देणे हे आपले काम आहे.

त्या मुलीचे नाव मी घेणार नाही, कारण तिच्यासारख्या आणखी पुष्कळ आहेत. ती यंदा दहावीला आहे. जवळच्या खेड्यातून येते. पुढे शिकायचे तर रोज एस.टी.चा प्रवास आला. "दहावी झाली की पुरे" असा विचार घरात चालला आहे, असे माझ्या कानावर आले आहे. तिचे अब्बा वाईट माणूस नाहीत. कष्टाळू आहेत, मुलीवर जीव आहे. त्यांना काळजी वाटते ती रस्त्याची, गाडीची आणि लोकांच्या बोलण्याची. या काळज्या खऱ्या आहेत आणि मी त्यांची थट्टा करणार नाही. त्यांवर उपाय आपण सर्वांनी मिळून काढायचा आहे. एका गावच्या चार मुली एकत्र एका गाडीने गेल्या तर निम्मी काळजी कमी होते. संस्थेने पुढाकार घेऊन अशा मुलींची यादी करावी आणि त्यांच्या पासाची व सोबतीची व्यवस्था पाहावी, अशी माझी नम्र सूचना आहे. या कामात माझे जे दोन हात आहेत ते धरावेत.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगतो. केदारेश्वराचे मंदिर आणि किल्ला पाहायला परगावचे लोक धर्मापुरीला येतात, आणि आपण रोज शेजारून जातो तरी मान वर करून पाहत नाही. संख्यांचेही तसेच आहे. पावतीवर, बसच्या तिकिटावर, पाटीवर त्या रोज दिसतात. एखादीला थांबवून विचारा, तू कोणाने भागली जातेस, तुझ्या अंकांची बेरीज किती, तुला जननी आहे काय? विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उत्तर मास्तरला माहीत नसेल तर फारच उत्तम. मग ते तुमच्याच हाताने निघेल.

सुरुवातीला मी दहा लाखाची वाटणी फळ्यावर लिहिली आणि ती अजून पुसलेली नाही. सात हिस्से, त्यांतला एक मुलीचा. आज घरी गेल्यावर हे गणित आपापल्या मुलीला घाला आणि ती उत्तर काढीपर्यंत तिच्याजवळ बसा. एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.